नाव न घेता मारलेली हाक

केनसाय गावच्या शाळेत रसायनाच्या तासाला एक नियम होता. कुठल्याही पदार्थाला "ते पांढरं", "ती पूड", "ते बाटलीतलं" असं म्हणायचं नाही. पूर्ण नाव घ्यायचं. येत नसेल तर गप्प बसायचं, पण अर्धवट बोलायचं नाही.

"एजे, ते पांढरं देता का जरा?" असं कुणी विसरून म्हणालंच, तर सायराकान, पोरांची एजे म्हणजे शिकवणारी ताई, कपाटाचं दार सताड उघडायची.

"बघ. अकरा बरण्या आहेत पांढऱ्या. एकीने रस्सा खारट होतो, एकीने पोट मोकळं होतं, आणि एक अशी आहे की चिमूटभर खाल्लीस तर उद्या तुझ्या घरी शोकाला लोक जमतील. तुला कुठली देऊ?"

वर्ग खिदळायचा. मागणारा कानापर्यंत लाल व्हायचा. "सोडिअम क्लोराइड, एजे."

"आता कसं! हे घे."

पन्नाशीची, काटकुळी बाई. थंडी असो नसो, अंगात एकच राखाडी कोट, आणि त्या कोटाच्या दोन्ही खिशांत मेंढीच्या घोट्याची हाडं. गावातली पोरं अंगणात ज्या हाडांनी खेळतात तीच. सायराकानने ती रंगवली होती. सोडिअम पिवळा, क्लोरीन हिरवा, ऑक्सिजन लाल आणि कार्बन काजळीसारखा काळा. प्रत्येक हाडाला तारेचे आकडे लावलेले होते. ज्याला जितके बंध करता येतात तितके आकडे. जिल्ह्याच्या शाळेत प्लास्टिकचे चेंडू आणि काड्या आल्या होत्या, पण केनसायला हाडंच बरी वाटत. ती टेबलावर टाकली की खणकन वाजायची आणि पेंगणारी पोरं जागी व्हायची.

"सोडिअमकडे बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. क्लोरीनला एकच कमी. मग काय होतं?"

"सोडिअम देऊन टाकतो, एजे."

"उसना?"

"नाही एजे, कायमचा. पोरीच्या लग्नात दिलेल्या मेंढीसारखा."

"बरोबर. देणारा झाला धन आयन, घेणारा झाला ऋण आयन, आणि त्या ओढीने दोघं एकमेकांना धरून राहिले. हा आयनिक बंध. नाव देताना धातूचं नाव आधी, आहे तसं. मग अधातूचं नाव, शेपूट बदलून. क्लोरीनचं क्लोराइड, ऑक्सिजनचं ऑक्साइड, सल्फरचं सल्फाइड. आणि जिथे दोघेही अधातू?"

"तिथे कुणीच देत नाही. वाटून घेतात."

"कसे?"

"आमचा आणि मुराताल्यांचा घोडा आहे ना, एजे, दोन घरांत एक. तसे."

"मग भांडणं होतात!" मागून कुणीतरी ओरडलं.

"होतात. इलेक्ट्रॉनचीही ओढाताण होते, ती पुढच्या वर्षी. आज एवढंच, की हा सहसंयुज बंध, आणि इथे नाव मोजून घ्यायचं. किती अणू ते नावात आलंच पाहिजे. एक असेल तर मोनो, दोन असतील तर डाय, तीन असतील तर ट्राय. मोजणं चुकलं तर पदार्थच दुसरा."

मग ती एका काळ्या हाडाला दोन लाल हाडं अडकवायची. शेजारी दुसऱ्या काळ्या हाडाला एकच लाल.

"हवा भरपूर असेल तर कोळसा जळून हा होतो. कार्बन डायऑक्साइड. हवा कोंडली, कमी पडली, तर हा. कार्बन मोनॉक्साइड. फरक किती?"

"एका ऑक्सिजनचा."

"पहिल्याने सरबत फसफसतं. आणि दुसऱ्याने?"

इथे केनसायची पोरं हसत नसत. गाव कोळशाचं. घराघरात कोळशाची शेगडी. "दुसऱ्याने माणूस झोपतो, एजे," कुणीतरी हळू म्हणायचं.

"झोपतो. कारण रंग नाही, वास नाही, धूरही नाही. आणि आपल्या रक्तातल्या लोहाला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी घट्ट धरतो. धरला की सोडत नाही. म्हणून या दोघांना 'वायू' म्हणून मोकळं व्हायचं नाही. नाव घ्यायचं. पूर्ण."

हे सांगताना सायराकानचा आवाज बारीक व्हायचा. वर्गाच्या मागच्या भिंतीकडे ती बघायची नाही. कारण हा धडा सुरू झाला की तिथे तो येऊन उभा राहायचा. उंच, खांद्यात जरा वाकलेला, अंगात गोधडीसारखी शिवलेली लांब बाह्यांची जाड बंडी, कोपरावर काळं ठिगळ. वर्गाकडे पाठ करून उभा. चोवीस वर्षं झाली. दर वर्षी याच धड्याला. एकदाही वळला नव्हता.

तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे त्याचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते सायराकानच्या तोंडातून आजवर निघालेलं नव्हतं. तो तिचा थोरला दीर. नाव त्याचं एर्गेश.

केलिन म्हणजे घरात आलेली सून. सासऱ्याचं, थोरल्या दिरांचं नाव तिने तोंडात आणायचं नाही. समोरून जायचं नाही, पाठ करायची नाही, डोळे वर करून तोंडाकडे बघायचं नाही. हाक मारायची तर "आके", म्हणजे दादा. त्याच नावाचा दुसरा कुणी भेटला तरी त्यालाही नावाने पुकारायचं नाही. सायराकान शहरात पाच वर्षं रसायन शिकून आली होती, तरी तिनेही हे पाळलं. तिच्या सासूने, एनेने, पाळून घेतलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शाळेची यादी वाचताना ते नाव तिच्या ओठांवर आलं, तेव्हा एनेने हातातला कणकेचा गोळा परातीत आपटला होता. "शिकलेली आहेस, बाहेरच्या जगात शहाणी राहा. या उंबऱ्याच्या आत माझ्या मुलाचं नाव तुझ्या जिभेवर यायचं नाही." सायराकानने मान खाली घातली होती. ती खाली घातलेली मान नंतर तिला सोयीची झाली. वर बघायचंच नाही म्हटलं की बरंच काही दिसत नाही.

यंदाच्या आठवीत एक एर्गेश होता. हजेरीत सतरावा.

"पंधरा, बुरुल्चा."

"आहे, एजे."

"सोळा, नुरदिन."

"आहे."

"सतरा."

"आहे, एजे."

बुरुल्चा चुणचुणीत मुलगी. कोळशाच्या ट्रकवर बापाशेजारी बसून शाळेत यायची आणि जिभेला हाड नाही अशी. त्या दिवशी कार्बनचा धडा संपला आणि तिने हात वर केला.

"एजे, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"कपाटातल्या मिठाला पूर्ण नाव आहे. शेगडीतल्या वायूला पूर्ण नाव आहे. मग आमच्या सतराला का नाही?"

वर्गात खसखस पिकली. सतरा नंबर बिचारा बाकाखाली पेन शोधायला लागला. कुणीतरी कुजबुजलं, "गप गं, एजेंच्या दिराचं नाव आहे ते." बुरुल्चा म्हणाली, "माझी आई पण केलिन आहे, ती घेते सगळ्यांची नावं. मशिदीतल्या मोल्दोनेच सांगितलं की त्यात पाप नाही."

सायराकानने टेबलावरची हाडं गोळा केली. काळं हाड हातातून निसटून मागच्या भिंतीपर्यंत घरंगळत गेलं. ती ते उचलायला गेली नाही.

"खाली बस, बुरुल्चा," ती म्हणाली. "तुझं बरोबर आहे. खाली बस."

घरी दोघीच होत्या. नवरा जापार लांबच्या ट्रकवर; महिन्यातून एकदा घरी. मुलगी ओश शहरात शिकत होती. शहाऐंशी वर्षांची एने खिडकीशेजारच्या गादीवर. डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, पण कान तिखट. आणि दर गुरुवारी दुपारी त्या घरात तेलाचा वास सोडला जायचा.

गेलेल्यांना अन्न पोचत नाही, वास पोचतो. कढईत तेल तापवायचं, कणकेचे चौकोनी तुकडे, बोरसोक, तळायचे, दार उघडं ठेवायचं. वास बाहेर जातो आणि घरातले गेलेले लोक तो घेऊन दारापाशी येतात. मग कुराणातलं पाठ असेल ते म्हणायचं आणि एकेकाचं नाव घेऊन त्याच्या पदरात घालायचं. ज्याचं नाव घेतलं त्याला मिळतं. ज्याचं राहिलं, तो दाराशी उभा राहतो, वास घेतो, आणि रिकाम्या हाताने परत जातो. सायराकानचा यावर विश्वास होता. ती नमाजाची बाई होती. रसायनाने तिच्या श्रद्धेचं काही बिघडवलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारं पुष्कळ काही खरं असतं, हे तर ती पोरांना रोजच शिकवत होती.

तळणं तिच्याकडे, नावं घेणं एनेकडे. अशी वाटणी पहिल्यापासून होती. एनेची नऊ नावं होती. सासरा इसाबाय, त्याचे आईवडील, एनेचे स्वतःचे आईवडील आणि भाऊ, पाळण्यातच गेलेली दोन बाळं, आणि शेवटी एर्गेश. शेवटच्या नावाला एनेचा आवाज दर वेळी किंचित थांबायचा, उंबरा ओलांडताना म्हातारं माणूस थांबतं तसा.

वसंतात नऊची आठ झाली. एनेचा भाऊ गळला. उन्हाळ्यात दोन बाळं गेली. एनेला कळलंही नाही. डोकं हळूहळू रिकामं होत होतं. सकाळी खाल्लेलं दुपारी आठवत नसे, दुपारचं संध्याकाळी. सायराकान तळता तळता मनात मोजायची. बाकीची नावं ती हळूच सांगायची. "एने, भाऊ राहिला, अब्दिश. एने, दोन्ही लेकरं." एने म्हणायची, "हो हो, अब्दिश," आणि त्याला पोचवायची. सासऱ्याचं नाव एनेच्या जिभेवरून अजून हललं नव्हतं, म्हणून त्याची चिंता नव्हती.

आणि मग शरदातल्या एका गुरुवारी एने दोन लेकरांपाशी थांबली, तळवे तोंडावरून फिरवले आणि म्हणाली, "चहा आण, केलिन."

एर्गेश राहिला होता.

सायराकानच्या हातात झारा होता. तोंड उघडलं होतं. नाव दातांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

"एने," ती म्हणाली, "थोरला राहिला."

"कोण थोरला?"

"तुमचा थोरला. उंच. घोडे समजायचे त्याला."

"घोडे तर माझ्या बापाला समजायचे. घेतलं ना त्यांचं नाव?"

"हो, एने. घेतलं."

त्या दिवशी ती कढई उतरवायला वळली, तर उघड्या दारात बंडीची पाठ होती. कोपरावर काळं ठिगळ. घराकडे पाठ, अंगणाकडे तोंड. शाळेत तो वर्षातून एकदा यायचा. आता घरी आला. आणि नंतरचे चार गुरुवार तो तिथेच होता.

चोवीस वर्षांपूर्वी खाण बंद पडून तीन वर्षं झाली होती. सरकारचा कोळसा मिळेना, तेव्हा केनसायच्या पुरुषांनी डोंगराच्या कुशीत आपापली बिळं खणली. माणूस सरपटत जाईल एवढी. त्या हिवाळ्यात एर्गेश आणि आणखी दहा जणांनी एक बीळ खोल नेलं होतं. आत गोठलेली माती फुटेना म्हणून त्यांनी आदल्या दिवशी तळाशी कोळशाचा जाळ केला आणि तोंडाशी पत्रा लावून घरी आले. रात्रभरात माती नरमेल, सकाळी पत्रा काढून कामाला लागू, असा त्यांचा विचार.

सायराकान तेव्हा सव्वीस वर्षांची, लग्नाला तिसरं वर्ष. शाळेत जायची वाट दरीच्या या बाजूने होती, बीळ त्या बाजूला. सकाळचं ऊन पडलं होतं. तिने बघितलं, अकरा पुरुष उतारावर पांगलेले; कुणी फावडं घासतोय, कुणी चहाचं फडकं सोडतोय. पत्रा काढून बाजूला ठेवलेला. बिळाच्या तोंडातून धूर येत नव्हता. तेच तिने आधी पाहिलं. धूर नाही म्हणजे जाळ विझला, असं ते समजले असणार. पण कोंडलेला कोळसा धूर न करता धुमसत राहतो आणि काय सोडतो, हे तिने आदल्याच दिवशी आठवीला फळ्यावर लिहून दिलं होतं. एक काळा, एक लाल.

आणि एर्गेश बिळाकडे चालला होता. पाठमोरा, सावकाश, हातात कंदील.

"आके!" ती ओरडली.

दरी रुंद. वारा आडवा. हाक पोचत होती, वाक्य पोचत नव्हतं.

"आके! आके!"

पलीकडे चार माणसं वळली. चौघांनाही कुणी ना कुणी आके म्हणत होतं. त्यांच्याही भावांच्या बायका याच वाटेने येत-जात. एकाने हात हलवला. एकाने काहीतरी थट्टा केली, बाकीचे हसले. चौघं वळले. एर्गेश वळला नाही. त्याला काय माहीत, अकरांतला कोणता आके?

नाव तिच्या तोंडात होतं. एका श्वासात मावणारं नाव. वाऱ्यावर फेकलं असतं तर पलीकडच्या कड्याला लागून परत आलं असतं. चार माणसं हसत तिच्याकडे बघत होती. तिने डोक्यावरचा रुमाल सावरला. आणि तेवढ्या वेळात एर्गेश वाकला आणि आत गेला.

रुमाल सावरायला किती वेळ लागतो? ते ती तेव्हापासून मोजत आली होती.

मग ती धावली. दरी उतरली, पडली, गुडघे फुटले, चढली. पोचली तेव्हा दोघांनी तोंडाला फडकी बांधून त्याला पायाला धरून बाहेर ओढलं होतं आणि भोवती पुरुषांचं कडं झालं होतं. तिला त्यात जाता येईना. नंतर शोकाच्या तंबूत बायकांबरोबर ती भिंतीकडे तोंड करून रडली. अंघोळ घालणारे पुरुष बाहेर म्हणत होते, "गाल बघा कसे लाल. आत्ता बाजारातून चालून आलाय असं वाटतंय. अल्लाहचा लाडका." सगळ्या बायकांना त्याचं समाधान वाटलं. गाल लाल का, हे त्या तंबूत एकटीला माहीत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. हाक मारल्याचंही सांगितलं नाही. चार माणसांना वाटलं, जापारची बायको वाटेवरून काही विचारत होती.

त्यानंतर तिने शाळेत तो नियम केला. पूर्ण नाव.

आता या चार गुरुवारांत शेजारची तोतू एकदाच मदतीला आली. ती जाडजूड, हसरी, आणि दुसऱ्या कुळातली. तिला नाव घ्यायला बंदी नव्हती.

"अगं म्हणून टाक की तूच! जीभ झडणार आहे का? माझी सून तर सासऱ्याला नावाने हाक मारते आणि वर म्हणते, 'चहा हवाय का?' मला तर वाटतं, हाकेपेक्षा चहाच बरा."

"तू म्हण, तोतू. तुझ्या तोंडून पोचेल."

गुरुवारी तोतू आली, ऐसपैस बसली, एनेचं संपल्यावर मोठ्याने म्हणाली, "आणि एर्गेशला!"

एनेने मान वळवली. "कोण बोललं? हे माझं घर आहे. माझ्या मेलेल्यांत परक्यांची माणसं कोण घुसवतंय?"

"अहो एने, तुमचाच एर्गेश."

"ऊठ. आपल्या घरी तळ आणि आपल्या घरी नावं घे."

तोतू जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "म्हातारी अजून खमकी आहे हं." मग दुसरी चप्पल पायात सरकवून म्हणाली, "सायराकान, तुला रीत आडवी येत नाही. दुसरंच काहीतरी येतंय. मला सांगू नकोस, पण तसंच आहे."

तसंच होतं. रीत पांघरून बसायला बरी होती, पण ती आता गावात कुणी पाळत नव्हतं. सायराकानला खरी भीती दुसरीच होती. आज या स्वयंपाकघरात, तेलाच्या कढईपाशी, ते नाव सहज तोंडातून निघालं, तर मग त्या सकाळीही ते निघालं असतं. जोवर ते निघतच नव्हतं, तोवर तिला म्हणता येत होतं की मला येत नव्हतं. आणि एनेला सगळं सांगून टाकायचं, तर एनेचं डोकं दर आठवड्याला एकेक दार लावून घेत होतं. आज ना उद्या सांगू म्हणता म्हणता ऐकणारंच कुणी उरणार नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तिने शाळेतून येऊन कणीक मळली. तेल तापलं. दार उघडलं. बाहेर कोरडा वारा होता आणि अंगणात जर्दाळूची पानं फरफटत होती. पहिला घाणा निघाला, तसा वास घरभर झाला. एनेने तळवे उघडले, ओठ हलवले, पाठ असलेलं म्हटलं. मग नावांची पाळी आली आणि एने गप्प बसली.

"इसाबाय," बराच वेळाने ती म्हणाली. मग पुन्हा गप्प.

सायराकानने बाकीची हळूच पुरवली. अब्दिश. दोन लेकरं. दोन्हीकडचे आईवडील. एनेने मान हलवत सगळ्यांना पोचवलं. तरी तळवे मिटले नाहीत.

"केलिन."

"काय, एने?"

"दारात कोण उभं आहे?"

सायराकानचा हात थांबला. एनेच्या डोळ्यांना हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. दार तर खोलीच्या पार टोकाला.

"तुम्हाला दिसतंय?"

"पाठमोरं कुणीतरी आहे. कधीचं उभं आहे. आत ये म्हण ना त्याला. वास घेऊन ताटकळलंय बिचारं."

दारात बंडीची पाठ होती. ठिगळावरचा दोरा उसवलेला दिसत होता, इतकी जवळ.

"तुम्हीच बोलवा, एने."

"मला नाव आठवत नाही. तुला माहीत असेल. तू शाळा शिकवतेस."

सायराकानने कढई खाली उतरवली आणि एनेच्या गादीपाशी येऊन गुडघ्यांवर बसली.

"एने, मी त्याला बोलावलं होतं. तो आत जायच्या आधी. दरीच्या या बाजूने. मला माहीत होतं आत काय आहे ते. मी तीनदा आके म्हणून ओरडले. चार जण वळले आणि तो वळला नाही. मी नावाने नाही बोलावलं, एने. बोलावता आलं असतं. लोक बघत होते म्हणून मी रुमाल सारखा केला."

एने ऐकत होती. निदान तोंड तिच्याकडे होतं.

"मग आता बोलाव," एने म्हणाली.

पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज आला, तो तिला स्वतःचा वाटला नाही.

"एर्गेश."

घर होतं तसंच राहिलं. तेलात एक बुडबुडा फुटला. एने तळव्यांकडे बघत पुटपुटली, "एर्गेशला. एर्गेशला पोचो." आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले. ओमीन म्हणाली. सायराकानही म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती वाट बघत होती. काय म्हणेल एने? चोवीस वर्षं ती या एका माणसाच्या शब्दाची वाट बघत होती. शिवी चालली असती. परातीत कणीक आपटली असती तरी चाललं असतं.

"चांगलं नाव आहे," एने म्हणाली. "कुणाचं गं?"

सायराकानने रुमालाच्या टोकाने गाल पुसले.

"सांग ना. आपल्यातला होता?"

"तुमचा मुलगा होता, एने. पहिला."

"हो का?" एनेने विचार केला. तिचा चेहरा लहान मुलासारखा उघडा होता. त्यात दोष देणारं कुणी नव्हतं, आणि माफ करणारंही कुणी नव्हतं. ती दोघंही कधीच उठून गेली होती. "दिसायला कसा होता?"

आणि तेव्हा सायराकानच्या लक्षात आलं की तिला ते सांगता येणार नाही. तीन वर्षं एका घरात राहून तिने त्याच्या तोंडाकडे डोळे वर करून पाहिलं नव्हतं. थडग्यावरचा फोटो उन्हाने कधीच पांढरा पडला होता. तिला माहीत होती ती फक्त पाठ.

"हात मोठे होते," ती म्हणाली. "चहाचा वाडगा पुढे करायचा तेव्हा दिसायचे. उजव्या अंगठ्याचं नख काळं. पहिल्या हिवाळ्यात माझ्या बुटाची टाच निघाली होती. एक दिवस सकाळी बघते तर बूट शिवून उंबऱ्याशी ठेवलेले. आपण ठेवले म्हणून कधी बोलला नाही."

"कोण नाही बोलला?"

"एर्गेश."

"हं. आणि तोंड?"

"तोंड तुम्हीच पाहिलंय, एने. आठवा ना."

एनेने डोळे मिटले. "एकाची हनुवटी भाजली होती. उकळत्या दुधाने. फार रडला. तो का?"

"तोच असेल."

"तोच म्हण. असेल काय म्हणतेस?"

"तोच, एने."

"नाव काय म्हणालीस त्याचं?"

"एर्गेश."

"सांग पुढे."

सायराकान सांगत राहिली. दाराकडे तिची पाठ होती. तिथे अजून कुणी उभं आहे की गेलं, वळलं की नाही, हे बघायला ती उठली नाही. मध्येच एने विचारायची, "कोण म्हणालीस?" आणि ती सांगायची. दाराच्या चौकटीवरून ऊन उतरेपर्यंत एनेने किती वेळा विचारलं याला गणती नव्हती, आणि प्रत्येक वेळी ते नाव तोंडातून निघताना सायराकानला कळत होतं, किती सोपं होतं ते.